धर्मापुरीची लाइन

४ डिसेंबर १९९५
आज धर्मापुरीत दाखल! एसटीतून उतरले तर करडईच्या तेलाचा वास थेट फाट्यापर्यंत आलेला. माझं हे पहिलंच एकटीचं काम: तेलगिरणीतला कपाटाएवढा कॉम्प्युटर टेलिफोनवरून लातूरच्या हेड ऑफिसला जोडून द्यायचा. गिरणीचे मालक शंकरप्पा यांनी राहायची सोय उमाबाईंकडे केली आहे. बाईंनी गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही वाढलं. "लई वाळलीस गं, कावेरी," म्हणाल्या, जशा काही मला जन्मापासून ओळखतात.

६ डिसेंबर
कॉम्प्युटर फोनलाइनला जोडणारा मोडेम ९६०० च्या वेगावर टिकत नाही. लाइनला खरखर फार. जोडणी होते आणि तुटते. कॉम्प्युटरमध्ये आणि मोडेमवर, दोन्हीकडे वेग सारखाच उतरवावा लागतो. ४८०० लावला. तेच. शंकरप्पांनी सांगितलं, आधीचा ऑपरेटर संगमेश्वर याच टेबलाशी, रिसीव्हर कानाला असताना, वीज पडून गेला. उमाबाईंचा एकुलता एक मुलगा. जेवताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

८ डिसेंबर
२४०० वर जोडणी टिकली! मी एकटीनंच टाळी वाजवली. मग पडद्यावर कचऱ्यासारखी चिन्हं आली, आणि त्यांच्यातून इंग्रजी अक्षरांत मराठी: आई, मी इथं आहे.
मालकांच्या घरच्या फोनवरून लातूरला विचारलं. त्यांचा कॉम्प्युटर सकाळपासून बंद आहे.

९ डिसेंबर
राहवेना. उमाबाईंना ऑफिसात घेऊन आले. त्या पडद्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. मी वाचून दाखवलं, तसे त्यांचे हात खाली आले. "माजा संगू मला अव्वा म्हणायचा. आई कदीच न्हाई. ह्ये दुसरंच कुणीतरी हाय." पदर तोंडाशी धरून निघून गेल्या.

११ डिसेंबर
शंकरप्पांची घाई. १२०० लावला. कमी वेगात अक्षरं स्वच्छ येतात. एकेक येतं.
आई, मी कावेरी. इथून काढ मला.
धावत एसटीडी बूथ गाठला, नांदेडला घरी फोन लावला. आई रडतच होती. दुपारभर मीच फोन करतेय म्हणे. बोलत नाही, नुसते हुंदके देते. मी म्हटलं, आई, ही मी, धडधाकट आहे. तर विचारते, तू कोण?

१२ डिसेंबर
वायरी काढल्या. मोडेमच्या, फोनच्याही. काम गेलं तर जाऊ दे. दुपारच्या गाडीनं घरी. उमाबाईंनी आज सांगितलं — संगू गेला त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. संगमेश्वर फोनवर ओरडत होता, अव्वा, रडू नगंस. आणि अव्वा घरी चुलीपुढे.

हत्यारांची पेटी घ्यायला ऑफिसात — फोन वाजतोय. वायर भिंतीतून सुटलेली, जमिनीवर पडलीय — तरी वाजतोय.
हात थांबला तर उचलेन, म्हणून लिहितेय.
उमाबाई दारातून — उचलू नगंस, पोरी —
न उचलता ऐकू येतंय. आईचं रडणं. माझ्या आईचं. कावे, बोल की गं —
तिला एवढंच सांगायचंय, मी बरी आहे. एकदाच —
उजवा लिहितोय. डावा हात तर रिकामाच