श्रेयाची अक्कल अठ्ठ्याहत्तर

९ मार्च
नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची, म्हणून लिहिते. कुणी वाचायचं नाही.
शाळेतनं चिठ्ठी आली. मागल्या आठवड्यात पुण्याच्या मॅडमनी पोरांची बुद्धी मोजली, तेव्हा मी खिडकीशी होतेच. श्रेयाची अठ्ठ्याहत्तर भरली. मी खूश. अठ्ठ्याहत्तर म्हणजे फर्स्ट क्लास. शेजारच्या कुंडलिकला सांगून पण आले. तो म्हणाला, जानकाबाई, हे शंभरातले मार्क न्हाईत, ह्यात शंभर म्हंजी मधलं पोर. तुमची मधल्याच्या बरीच खाली हाय.
कुंडलिकला नको तिथं लई माहिती असते.

१० मार्च, दुपार
शाळेत जाऊन मॅडमना गाठलं. वैजयंती मॅडम. तिशीच्या असतील. आवाज गोड. आजी बसा म्हणाल्या, मी उभीच राहिले. म्हटलं, बुद्धी म्हणजे काय ते आधी सांगा, मग मोजा. तर म्हणाल्या, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही. घ्या! दूध म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि डेअरीत लिटर मोजायला बसलेत.
पुढे बरंच बोलल्या. नवीन गोष्ट समजणं, अडचण सोडवणं, ध्यानात ठेवणं, असं वेगवेगळं तपासतात. त्याच वयाच्या पोरांशी ताडून आकडा काढतात. तो काही कायमचा नसतो. पोर घाबरलेलं असलं तरी खाली येतो. मी सांगितलं, आमची घाबरत नाही, मी चांगला धाक ठेवलाय.
एक प्रश्न दाखवायला लावलाच. तीन चित्रं. हिरवं शेत, पेटलेलं शेत, बांधावर बसलेला माणूस. नीट क्रमानं लावायची. श्रेयानं आधी पेटलेलं, मग माणूस, मग हिरवं लावलं. बरोबरच की! राब भाजल्याशिवाय भात येतो का? पालापाचोळा, शेण पसरून वाफा पेटवायचा, पावसाची वाट बघत बसायचं, मग रोप हिरवं उठतं. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं. पण मॅडमच्या कागदात हिरवं शेत, त्याला आग लागली, माणूस रडत बसला, असं आहे. शून्य मार्क.
मॅडमनी राब म्हणजे काय ते दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. विचारायला लागतं म्हणजे बघा. माझा हिशेब सरळ आहे, ज्याला विचारावं लागतं ते येडं.

१३ मार्च
रविंद्रचा फोन. पोरगा माझा, पण बोलतो सुनेच्या तोंडानं. ती दोघं कळंबला भाजीच्या शेडमध्ये कामाला. श्रेया तिसऱ्या वर्षापासनं माझ्याकडे. आता म्हणतो, आई, जूनपासनं पोरीला हिकडं आणतो, हितल्या शाळेत अशा पोरांना येगळं शिकवणाऱ्या बाई हायेत. अशा म्हणजे कशा, विचारलं, तर भाजीचे भाव सांगायला लागला.
बुद्धी रक्तातनं येते. माझ्याकडनं आलेली नक्की आहे. सूनबाई मंगलकडनं काय आलं ते मी बोलत नाही.
पोरगी गेली तर मला काय. एक वेणी घालायची कमी. पण अठ्ठ्याहत्तर म्हणून न्यायची नाही. मॅडम १० एप्रिलला परत येणार आहेत. परीक्षा इतक्यात पुन्हा घेत नाहीत, वर्ष जाऊ द्यावं लागतं, असं म्हणत होत्या. मी शाळेच्या दारात बसून राहिले, तेव्हा हो म्हणाल्या.
ठरलं. एका महिन्यात एकशे वीस.

१६ मार्च
अभ्यास सुरू. मॅडम आकडे सांगतात, पोरानं उलटे म्हणायचे. श्रेया चार आकडे उलटे म्हणते. मी म्हटलं, थांब, मी दाखवते कसं करायचं. मला दोनच जमले. चुलीचा धूर झाला होता.

२० मार्च
पुण्याचे प्रश्न पुण्याच्या लोकांना. मी स्वतः परीक्षा काढली, इथल्या अकलेची. दहा प्रश्न. कोंबडी लपून अंडी घालते तर कशी शोधायची, एसटी आली नाही तर कुठल्या वाटेनं लवकर पोचतो, असे. श्रेयाला विचारले. ती गप्प बसली. येडी कुठली म्हटलं, तर अजून गप्प. मग कुंडलिकवर करून बघितली. त्यानं नऊ बरोबर सांगितले. वर मला म्हणाला, आता तुमी सांगा. माझे सात आले. प्रश्न माझे असले म्हणून काय झालं, त्यानं विचारताना घाई केली.
ही परीक्षा बंद.

२४ मार्च
कॅलेंडरच्या मागे तीन चित्रं काढली. माझा माणूस कुंडलिकसारखा दिसतो, त्याला इलाज नाही. श्रेयाला शिकवलं, आधी हिरवं, मग आग, मग रडणारा. ती म्हणाली, आजी, पण राब… मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही. मॅडमना आवडतं तसं लावायचं. वीस वेळा लावून घेतलं.
येत्या वर्षी मी लोकांच्या पोरांचा क्लास काढीन.

३ एप्रिल
राब भाजला. श्रेया कडेनं पाणी मारत होती, वाऱ्याची दिशा तिनंच आधी सांगितली. मग विचारते, आजी, हे आता पहिलं का मधलं? मी सांगितलं, शेतात पहिलं, परीक्षेत मधलं. म्हणाली, असं का? मी म्हटलं, जास्त विचारू नको, वाफ्याकडं बघ.
तयारी पक्की.

१० एप्रिल
मॅडमनी मला वर्गाबाहेर बसवलं. म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही खिडकीशी उभ्या होता, पोर सारखं तुमच्याकडे बघत होतं. मी नुसती मान हलवत होते. मान हलवायला बंदी आहे का?
तासाभरानं श्रेया बाहेर आली. सगळं सांगितलंस का, विचारलं. हो म्हणाली. रविंद्रला फोन केला, पेढे आण म्हणून.

११ एप्रिल
लिहायचं मन नाही. लिहिते.
मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, आजी, मी मागच्या वेळेनंतर राबाचं सगळ्यांना विचारलं. श्रेयाचं उत्तर बरोबर होतं, चूक आमच्या कागदाची होती. ते उत्तर बरोबर धरायचं, म्हणून मी काल तीच चित्रं परत ठेवली. तर पोरीनं हिरवं, आग, रडणारा. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे असं करतात का? श्रेया म्हणाली, घरी नाही, परीक्षेत करतात, आजीनं शिकवलंय.
आकडे, चित्रं, सगळं प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगत होती म्हणे. पाठ केलेल्याचं माप धरत नाहीत. काल चौऱ्याण्णव भरले, तरी त्याला अर्थ नाही. आता वर्षानंतर.
आणि त्या एका प्रश्नामुळे अठ्ठ्याहत्तर झाले नव्हते म्हणे. अर्ध्या प्रश्नांना पोर तोंडच उघडत नव्हतं. का, ते काल मॅडमनी तिला विचारलं. म्हणाली, चुकलं की आजी येडी म्हणते, म्हणून नक्की माहीत असल्याशिवाय मी बोलत नाही.
मॅडमना मी म्हटलं, सगळ्या पोरांना म्हणतात तसं. त्यांनी चहा दिला.
मॅडम तशी मंदच आहे.

१४ जून
रविंद्र येऊन घेऊन गेला. एसटी वेळेवर आली, एरवी कधी येते? श्रेयाला सांगितलं, तिथं कुणी काही विचारलं तर पटकन बोल. चुकलं तर चुकलं. आता सांगतेस होय, असं रविंद्र म्हणाला. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.
केस आज माझेच विंचरले. तेवढाच वेळ वाचला.

२१ जून
रविंद्रचा फोन. म्हणाला, आई, ही बोलायला लागली की थांबतच न्हाई. बाईंना दिवसभर प्रश्न इचारती. बाई म्हणाल्या, लई हुशार पोर हाय, येगळ्या वर्गाची गरज न्हाई.
म्हणजे माझ्या महिनाभराच्या शिकवणीचा गुण आत्ता बाहेर पडतोय. मी हे रविंद्रला सांगितलं. तो खोकला.
मग श्रेयानं फोन घेतला. नव्या शाळेचं सगळं सांगितलं, मला मधे बोलू दिलं नाही. शेवटी विचारलं, आजी, तुला करमतं का गं?
प्रश्न सोपा होता. मी गप्प बसले.
रेंज गेली वाटतं, म्हणत तिनं फोन ठेवला.