एका चावीचे दोन धनी

१२ नोव्हेंबर २००६, बीड

लिंबागणेशला व्याख्यान. विषय माझा नेहमीचा, बाजार आणि माणूस. सुरुवातीलाच वीज गेली, माईक मेला. तशीच बोलले. मागे बसलेल्या बायका म्हणाल्या, सगळं ऐकू आलं. घसा पार बसलाय.

घरी आले तर दत्ता आणि रेणू कॉम्प्युटरपुढे. दत्ता बँकेच्या कामाला औरंगाबादला गेला होता, तिथून लेकीसाठी 'तो' खेळ घेऊन आला. सेकंडहँड. राज्य उभारायचं, फौज जमवायची, दुसऱ्यावर चालून जायचं. गल्लीत मिळतात त्या चोरून उतरवलेल्या सीड्यांवर फक्त एकट्यानं खेळता येतं. इंटरनेटवर खऱ्या माणसांशी लढायचं तर डब्यावर छापलेली खरी चावी लागते, आकडे-अक्षरांची. फेब्रुवारीत औरंगाबादच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात स्पर्धा आहे, तिथंही अट तीच. ज्याची त्याची खरी चावी. बी.एस्सी.च्या अभ्यासापेक्षा रेणूचं ध्यान त्या स्पर्धेवर. सायबर कॅफेत मुलं तिच्या खुर्चीमागे उभी राहून हसतात. तिला त्यांच्यासमोर नाही, सगळ्यांसमोर खेळायचंय.

दत्ता खूश. सीडी उन्हात धरून ओरखडे बघितले म्हणे, दुकानात लावून बघितली. बैलाचे दात बघावेत तसं सगळं बघून आणली.

१३ नोव्हेंबर

दात बघितले, पण बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधलेला.

खेळ बसला. चालला. इंटरनेटवर जाऊ लागली तिथं अडला. पडद्यावर इंग्रजी ओळ: ही चावी आत्ता वापरात आहे, वापरणारा 'सिरसाळा किंग'.

मी रागानं लाल. रेणू मात्र, "आई, सिरसाळा! आपल्या परळीकडचा सिरसाळा!" जसा काही पाहुणाच आलाय.

दत्ता उठला. चहा तसाच ठेवून बाहेर गेला.

१७ नोव्हेंबर

औरंगाबाद. विद्यापीठातलं काम आटोपून त्या दुकानात गेले. स्टेशनच्या रस्त्याला, जिन्याखाली. दुकानदार दाढीवाला, गोड बोलणारा.

"मॅडम, सीडी चालती का न्हाई?"

"चालते. चावी चालत नाही."

"जुना माल हाय. मी कुठं म्हनलं चावी नवी हाय?"

"एकच चावी तुम्ही दोघांना विकलीत."

तर हसून म्हणतो, "चावी काय वापरून झिजती का, मॅडम?"

मग मी बोलले. पायरीवर माणसं जमली. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात राहता कामा नये, माल द्यायचा आणि मालकी खिशात ठेवायची ही दरोड्याचीच जात आहे, असं बरंच. एक म्हातारे गृहस्थ 'वा' म्हणाले. दुकानदारानं शांतपणे दुसऱ्या कुठल्यातरी खेळाचा डबा पुढे केला, "हा घिऊन जावा बदल्यात." त्यावर चावीचा कागदच नव्हता. पैसे परत द्यायला मात्र ठाम नकार.

बसमध्ये विचार करत होते. म्हाताऱ्यांची 'वा' घेऊन आले, बाकी हात रिकामे.

१९ नोव्हेंबर, रविवार

रेणूनं काय केलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणाला खरं वाटणार नाही.

बसस्टँडजवळच्या कॅफेवाल्याकडे स्वतःची खरी चावी आहे. तिथून ती खेळात शिरली, 'सिरसाळा किंग'ला शोधून काढलं आणि गाठलं. दोघांचं बोलणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. तिनं तोंडपाठ ऐकवलं.

"सिरसाळ्याचा का?"

"हाव. तू कोन बे?"

"माझी चावी वापरतोयस."

"माझी हाय. औरंगाबादून इकत आणलीय."

"स्टेशनचा रस्ता? जिन्याखाली? दाढीवाला?"

मग, "च्यायला."

मग, "पोरगी हायस?"

"हो. कावून?"

"न्हाई. आसंच."

नाव बालाजी. बापाचं सिरसाळ्यात आडत दुकान, हिशेबासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर हा बाप जेवायला गेला की राज्य करतो. त्याच्याकडे डबा नाही. नुसती सीडी, आणि वर मार्करनं लिहिलेला नंबर. म्हणजे खरा डबा आपला. मी टाळी वाजवली. रेणूनं नाही.

२६ नोव्हेंबर

कंपनीला इंग्रजीत कडक पत्र लिहिलं होतं, ई-मेलनं. उत्तर आलं. डब्याचा आणि त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा, ही चावी सगळ्यांसाठी बंद करू, तुम्हाला नवी देऊ. इतकं सरळ! दत्ता शेजाऱ्यांचा कॅमेरा घेऊन आला. डबा खिडकीच्या उजेडात ठेवला.

रेणूनं डबा उचलून कपाटात ठेवला.

"अगं, न्याय आहे हा आपला," मी.

"त्यानं पण विकतच घेतलंय ना, आई. फसवणारा तिसराच. तू तिसऱ्याला सोडून दुसऱ्याला मारतेस."

"मग स्पर्धा? त्यानं त्या दिवशी चावीवर बसकण मारली तर?"

"मला भीती वाटत नाही असं मी कुठं म्हटलं?"

सभेत कुणी असं विचारलं असतं तर चार वाक्यं फेकून पुढे गेले असते. पोटची पोर समोर उभी असली की ती चार वाक्यं सुचत नाहीत. फोटो काढला नाही. दत्ता कॅमेरा परत करून आला. जिना चढताना हसत होता.

३ डिसेंबर

पाळी ठरली. माझ्या भावाची नि चुलतभावांची विहीर सामायिक आहे, तिथं मोटर लावायची जशी पाळी असते, तशी. रेणू लहानपणापासून बघत आलीय. सकाळी कॉलेजच्या आधी हिची, दुपारी बाप जेवायला गेला की त्याची. उरलेला वेळ लोडशेडिंग ठरवतं. इथं वीज आहे तेव्हा तिथं नाही, आणि उलट. महावितरणनं दोघांत इतका समेट घडवून आणलाय की कुठल्या लवादाला जमला नसता!

दोघंही स्पर्धेत उतरणार हे त्यानंच फोनवर सांगितलं. लपवलं नाही. "ताई, मी बी फॉर्म भरतोय बरं का." ही म्हणाली, "भर की."

मी ऐकत होते. माझ्या जिभेवर आलं होतं, भरू देऊ नकोस. गिळलं.

११ डिसेंबर

आज पाळी मोडली. सकाळी हिनं खेळ उघडला तर 'वापरात आहे'. मी म्हटलं, बघ! रेणूनं कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं रडेल. उठली, कॉलेजला गेली.

दुपारी त्याचा फोन. बाप परळीला गेलता, याला राहवलं नाही. "चुकलंच. आजची माझी पाळी तू घे." आणि वर, तो आपलं घोडदळ जंगलात कसं लपवतो आणि कधी बाहेर काढतो, त्या लढाईची फाईल ई-मेलनं पाठवली. रेणू ती पुन्हा पुन्हा बघते. "आई, हा माणूस भारी आहे. बघ, तीन वेळा मागं हटतो. हारतोय असंच वाटतं." मला त्या चिमुकल्या घोड्यांतलं काही कळत नाही. पण ज्याच्याकडून हरायचं भय आहे त्याचं असं तोंडभर कौतुक करणारी माणसं मी आमच्या चळवळीत फार पाहिली नाहीत.

७ जानेवारी २००७

बालाजी घरी आला. लई उंच, लई लाजाळू, हातात हुरड्याची पिशवी. दत्तानं गोवऱ्या पेटवल्या. आधी पोटभर हुरडा, मग खेळ.

आल्याआल्या मला म्हणाला, "मॅडम, तुमचं भाषण झालतं आमच्या गावात. दारूवरचं. बापाची आठ दिस बंद होती."

"मग?"

"मग नववा दिस उजाडला."

दत्ता ठसक्यानं बेजार.

यायचं कारण असं की कॉलेजवाल्यांनी दोघांचेही फॉर्म थांबवलेत. दोन नावं, एक चावी. एकालाच बसता येईल, पुरावा घेऊन या. म्हणून यांनी ठरवलं होतं, आपसात लढू, जिंकेल तो जाईल. आणि मग लक्षात आलं की ते होणारच नाही! एका चावीवर एकमेकांशी लढता येत नाही, आणि कॅफेवाल्यानं तो खेळ केव्हाच काढून टाकलाय. एक आत गेला की दुसरा बाहेर. दीड महिना एकमेकांचं कौतुक करणारे हे दोन सेनापती कधीच समोरासमोर येऊ शकत नाहीत.

मग आळीपाळीनं कॉम्प्युटरशी लढले. बालाजी सरस आहे. मलासुद्धा कळलं. बोटं दिसत नाहीत इतकी चालतात. रेणू सावकाश, पण एकदा घेतलेली जागा सोडत नाही. तो म्हणाला, "हिचा किल्ला मला बी न्हाई घेता यायचा." जाताना चपला घालत म्हणाला, "डबा तुमचा हाय. तूच जा. मी काय, पुढच्या साली."

रेणू त्याला जिन्याखालपर्यंत सोडून आली. पण रात्री जेवली नाही नीट.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या तयारीत असताना मी विषय काढला. तिळाचा पाक ढवळत ती म्हणाली, "तो बरोबर बोलला. डबा माझा आहे. त्याचाच त्रास होतोय."

"म्हणजे?"

"डबा नसता तर बरोबरीनं भांडले असते मी त्याच्याशी. मजा आली असती."

पाक हातातला सोडून तिनं त्याला फोन लावला. दोघंही जाणार. अडवलं तर तिथं बोलायचं.

मी म्हटलं, मी बोलते. अशा ठिकाणी कसं बोलायचं ते मला माहीत आहे.

"नको आई. तू बोललीस की लोक तुझं ऐकतात. मग आमचं राहतं."

हे वाक्य कुणी विरोधकानं म्हटलं असतं तर त्याला सोडला नसता. आज दिवसभर तेच मनात. आणि राग येत नाहीये.

१० फेब्रुवारी, औरंगाबाद

कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आत ओळीनं कॉम्प्युटर, बाहेर मुलांची झुंबड, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बालाजी सिरसाळ्याहून पहाटेच्या गाडीनं आला, शर्ट इस्त्रीचा.

दाराशी टेबल. तिथले प्राध्यापक तरुण आहेत, घाईत आहेत, वाईट नाहीत. म्हणाले, "नियम सरळ आहे. डबा ज्याचा, तो बसेल."

रेणू बोलली. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. एका दुकानदारानं एकच चावी दोघांना विकली, दोघांनी पैसे दिले, तेव्हापासून पाळीनं खेळतोय. "सर, आम्हाला एका वेळी बसवू नका, ते होणारच नाही. त्याची फेरी झाली की माझी लावा. दोघांपैकी एक हरेपर्यंत तरी." मग थांबली. मी असते तर तिथं थांबले नसते. तिथंच थांबायला हवं होतं. मागं मुलं उभी होती. कॅफेतली दोघं-तिघं त्यांच्यात होती. कुणी हसलं नाही.

प्राध्यापक म्हणाले, वरच्यांना विचारून येतो. जाताना बोलून गेले, "नाही म्हणाले तर एकच बसेल. तेव्हा मी फक्त एवढंच विचारणार, डबा कुणाचा. एक नाव सांगायचं."

डबा रेणूच्या मांडीवर आहे. बालाजी खिडकीशी उभा राहून आतले कॉम्प्युटर बघतोय. हिच्याकडे बघत नाही. मुद्दाम.

मी हळूच विचारलं, "काय सांगणार?"

"अजून ठरवलं नाही."

ती डब्यावरची चिठ्ठी नखानं नीट बसवतेय. मी मध्ये पडत नाही. प्राध्यापक जिना उतरताना दिसतायत, चेहऱ्यावरून काही कळत नाही. रेणू डबा घेऊन उठलीय आणि बालाजीच्या शेजारी जाऊन उभी राहिलीय.