संडास-बाथरूममधल्या भिंतीबाबत

मी, खाली सही करणार, वय शहात्तर, धंदा फरश्या बसवण्याचा, गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे आता बंद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. धाकट्या भावाचे मत वेगळे असू शकते, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

१. राहते घर, सामान आणि बँकेतील ठेव, सर्व माझ्या पत्नीचे. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषयही मुलांनी काढू नये. तिच्यानंतर मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखे.

२. थापी, ओळंबा, गुण्या आणि फरशी कापायचे मशीन माझ्या भागीदार गवंड्यास. ओळंब्याची दोरी त्याने बदलावी. मी दहा वर्षे उद्या बदलू म्हणत आलो.

३. लांब शिडी भावाने एका दिवसासाठी नेली, त्याला एकोणीस वर्षे झाली. ती त्याला दिली असे समजावे, म्हणजे निदान तो चोर ठरणार नाही.

४. आता भिंतीविषयी. आमच्या घरात पूर्वी संडास वेगळा आणि बाथरूम वेगळी होती. मध्ये अर्ध्या विटेची भिंत, दोन दारे, दोन कड्या. माणसे सहा: आईवडील, आम्ही दोघे, दोन मुले. अडतीस वर्षांपूर्वी दुरुस्ती काढली तेव्हा मी ती भिंत पाडायची ठरवली. गिऱ्हाइकांना मी तेच सांगत असे, एकत्र करा, जागा ऐसपैस दिसते. मग माझ्याच घरी भिंत ठेवून कसे चालेल?

पत्नी म्हणाली, "भिंत राहू द्या ना. माझं एवढं ऐका."

का, ते मी विचारले नाही. म्हणालो, "तुला यातलं काय कळतं?" घर पाहावे बांधून म्हणतात, मी पाडून पाहिले.

काम फर्मास झाले. फरशीला ढाळ असा दिला की पाण्याचा थेंब थांबत नव्हता. नमुना म्हणून गिऱ्हाइके घरी आणून दाखवत होतो. सकाळी मात्र एक आत गेला की बाकीचे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभे, आणि दारावर थापा. पत्नी त्यावर कधी बोलली नाही. मला वाटले, तिला पटले.

गेल्या वर्षी मेहुणी राहायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, ताईला तेवढी एकच खोली होती हो."

मग सगळे कळले. पत्नीच्या आईचे पत्र आले की माझी आई ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावत असे. म्हणून पत्नी ते आधी संडासात कडी लावून वाची, हवे तेवढे रडे, आणि मग बाहेर येऊन चालेल तेवढेच वाचून दाखवी. संडासात गेलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. भिंत गेल्यावर कडी लावली की कोणीतरी अंघोळीसाठी दार वाजवी, तिला दोन मिनिटेही मिळेनात. शेवटी तिने आईला कळवले, पत्रे पाठवू नकोस. तिची आई त्यानंतर चार वर्षे जगली. त्या चार वर्षांत मी पत्नीला चिडवत असे, "तुझी आई विसरली वाटतं तुला."

हे आठवले की मला माझी लाज वाटते. तोंडाने सांगायचे वर्षभर जमले नाही, म्हणून इथे लिहितो. माझे चुकले.

५. माझ्यानंतर महिन्याभरात भागीदाराने ती भिंत होती तिथे पुन्हा बांधावी. दार वेगळे, कडी आतून. खर्च ठेवीतून.

सहीपूर्वी हे सर्व साक्षीदारांसमोर वाचले. पत्नी शेजारीच बसली होती. पाचवे कलम वाचून झाल्यावर म्हणाली, "आता कशाला भिंत? तुम्ही गेल्यावर घरात मी एकटीच. कोणापासून लपून बसू?"

सबब कलम पाच खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून, खोडण्याआधी तिला विचारले आहे.

साक्षीदार :
१) भागीदार गवंडी (सही)
२) शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)

लिहून ठेवणार : फरशीवाला, कामावरचे नाव लेव्हलमास्तर (सही)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : सतरा नोव्हेंबर, मंगळवार