सुतळीत बांधलेली माणसं

अण्णा,

सकाळपासून चहा करतेय आणि निवू देतेय. बूड म्हणून टेकत नाही कुठे. मुलगा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, सून ऑफिसला, आणि मी न्यू जर्सीतल्या या स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालतेय. कारण सांगते. इथल्या गावाचं साप्ताहिक बंद पडतंय. आपल्या साप्ताहिकासारखंच, जाहिराती आटल्या. शेवटच्या अंकात ‘आपली माणसं’ असं एक पान आहे आणि त्यात मी तुमचा मृत्युलेख दिलाय. साऱ्या तालुक्याच्या माणसांना तुम्ही चार ओळींत नीट निरोप दिलात, पण तुम्ही गेलात त्याची एक ओळ कुठल्या कागदात आली नाही. इतकी वर्षं ते मला खात होतं.

मी चौथीत शाळा सुटलेली, अंकाच्या घड्या घालायला आलेली पोर. तुम्ही मला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसवलंत, कंपोझिटर केलंत. खरं वाचायला मी तिथे शिकले, शिशाच्या उलट्या अक्षरांवरून. अजून दिसते ती वरची फळी. गावातल्या मोठ्या माणसांचे मृत्युलेख, माणसं धडधाकट असतानाच, जुळवून सुतळीने बांधून ठेवलेले. माणूस गेला की फक्त वार आणि तारीख बसवायची. वकीलसाहेब दर दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन येतात आणि स्वतःचा लेख वाचून घेतात. “अहो संपादक, वाचनालय मी काढलं हे शेवटी का? वर घ्या!” “आधी मरा तर खरं,” तुम्ही चिवडा खात म्हणता, “मग वरखाली बघू.” निवडणूक आली की पत्रकांना खिळे कमी पडायचे, मग आपण हीच माणसं मोडायचो. एकदा वकीलसाहेबांना त्यांची जागा रिकामी दिसली. “मला मोडलंत? आणि डॉक्टरला ठेवलंत?” महिनाभर बोलले नाहीत तुमच्याशी.

त्याच डॉक्टरांच्या लेखात मी एकदा आपल्या मनाने ‘थोर’ शब्द घातला होता. तुम्ही चिमट्याने तो उचललात आणि एकेक खिळा माझ्या तळहातावर ठेवलात. “थोर म्हणजे काय केलं? तुझ्या आईचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसले, ते लिही. खरं असेल तेवढंच छापायचं, पोरी.” तोच चिमटा पुढे माझ्या लग्नात तुम्ही कोऱ्या रुमालात बांधून दिलात. आहेरात चिमटा बघून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आता नात त्याने भुवया कोरते.

तुम्ही गेल्याचं कळलं तशी मी धावत आले ती थेट छापखान्यात. फळीवर सगळे होते, तुम्ही नव्हतात. स्वतःचा लेख तुम्ही कधी लिहिलाच नाहीत. मी जुळवायला बसले. जेमतेम दोन ओळी झाल्या आणि तुमचा पुतण्या टेम्पो घेऊन दारात. “ताई, उठा आता. कोण वाचणार हे?” सगळं शिसं भंगारात गेलं, त्या दोन ओळीही.

म्हणून इथल्या संपादक बाई लायब्ररीत भेटल्या तेव्हा धीर करून विचारलं, माणूस या गावचा नाही, चालेल का? “तुम्ही या गावच्या ना? मग द्या,” म्हणाल्या. काल मी मराठीत सांगत होते, नात इंग्रजीत टाइप करत होती. तिने आपणहून ‘ही वॉज अ ग्रेट मॅन’ टाकलं. म्हटलं, काढ ते. “बट आजी, यू ऑल्वेज से दॅट!” काय केलं ते लिही, म्हटलं. मग लिहिलं. नळाला गढूळ पाणी येतं हे छापलं म्हणून नगरपालिकेने जाहिराती तोडल्या, तरी पुढच्या अंकात पुन्हा छापलं. शाळा सुटलेल्या एका मुलीला वाचायला शिकवलं. सगळं खरं, अण्णा.

आज सकाळी बाईंचा मेल आला. लेख छान आहे, फक्त माझ्या नावाखाली तुमच्याशी नातं काय ते घालायचंय. नातीची बस यायची वेळ, तिचा एक पाय बुटात. “आजी, क्विक! व्हॉट वेअर यू टू हिम?” मला कंपोझिटर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “डॉटर.” तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, टाइप केलं आणि पळाली.

तेव्हापासून हे असं चाललंय. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. आणि आपल्यात तसं कधी कोणी काही बोललंही नाही. अंक संध्याकाळी छापायला जातो. तोवर एक फोन केला तर शब्द निघेल. फोन ओट्यावरच आहे. उचलते, ठेवते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी आज मी धाडलं नसतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, “हे खरं आहे का, पोरी?” आणि चिमट्यासाठी हात पुढे केला असतात.

चिमटा मघाशीच नातीच्या ड्रॉवरमधून काढून माझ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी ठेवून दिलाय.