पेशीचा कान

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. बाकी कुशल मागून.

काल पक्कं झालं. पेशी मोजण्याचं मशीन चालवणाऱ्या बाईंनी दोनदा तपासून सांगितलं, की आजारी माणसांच्या पेशींवरही तो रिसेप्टर शाबूत आहे. तुला सोपं करून सांगते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचा प्रथिनाचा कान. ‘आता लढाई थांबव’ हा निरोप तो ऐकतो. आजाऱ्यांना हा कानच नसतो, म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते, हा आमच्या सरांचा शोध. त्यावर, कानाशिवायच लढाई दाबून टाकणारं औषधही तयार आहे.

शोध कसला, घोळ आहे. या पेशी प्रयोगशाळेत वाढवताना बशीच्या तळाला घट्ट चिकटतात. निरोगी माणसांच्या मी रबरी खरवडणीने हळूच सोडवल्या. आजाऱ्यांच्या पेशी सरांच्या लाडोबा विद्यार्थ्याने घाईत पाचक रस ओतून सोडवल्या, आणि रसाने कानच कापून नेले. या खेपेला त्याही मी खरवडून सोडवल्या, तर कान जागच्या जागी. सरांनी माझं तीन वर्षांचं काम घेतलं, नाव गाळलं, वर म्हणाले की खरवडायला काय, कुणीही चालतं.

वीस तारखेला भरल्या सभागृहात त्यांचं भाषण आहे. तोवर मी मूग गिळून बसणार. मग उठून एकच प्रश्न विचारीन. अशी जिरवीन की जन्मभर आठवेल.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तू ठरव.
तुझी बुटकी

७ मार्च

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तीन वेळा फोन केला, तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. ते औषध बारा तारखेला द्यायचंय, माझ्याच वॉर्डात, माझ्याच हाताने. पहिला नंबर एका शिंपीणबाईंचा. बोटं सुजून सुई धरवत नाही, तरी माझ्या गणवेशाची उसवलेली बाही शिवून दिली त्यांनी. त्यांचा कान शाबूत असेल तर वरून हे औषध म्हणजे ब्रेकवर ब्रेक. मग साधा खोकलाही त्यांना घेऊन जाईल.

सूड खुशाल घे. त्यांनी नाव गाळलं त्या दिवशी तू रडलीस ते मीही विसरलेले नाही. पण वीस तारखेची वाट पाहिलीस, तर त्याच्यात आणि तुझ्यात फरक फक्त उंचीचा उरेल. आजच्या आज औषधाच्या सुरक्षा समितीला रसाचा आणि खरवडणीचा, दोन्ही आलेख दे.

रागात जेवण टाकू नकोस.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. धपाटा पोचला.

पत्र मिळालं त्याच दुपारी आलेख दिले. औषध थांबलं, हे तुला वॉर्डात कळलंच असेल. खोटं कशाला सांगू, मनातून चरफडले. सभागृहातला तो क्षण मी रोज घोळवत होते.

पण ऐक. समितीने विचारलं, पेशी कुणी सोडवल्या? सर लगेच लाडोबाचं नाव सांगायला लागले. अध्यक्षबाईंनी औषधाच्या परवानगीसाठी केलेला त्यांचाच अर्ज पुढे सरकवला. सगळं श्रेय घेण्याच्या भरात त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय, की ‘सारे प्रयोग माझ्या स्वतःच्या हातचे’. बाई म्हणाल्या, उत्तम, मग आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा. गेल्या बारा वर्षांत या माणसाने बशीला बोट लावलेलं नाही. काल मला जिन्यात गाठून हळूच विचारत होते, खरवडणी कुठल्या हाताने धरायची. मी म्हटलं, सही केलीत त्या हाताने.

सोमवारी दहाला समिती प्रयोगशाळेत येणार आहे. मी साहित्य मांडून भिंतीशी उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद आहे. एवढी गोड ताकीद मला आजवर कुणी दिली नव्हती.

माझ्यावर लोभ असू दे, त्यांच्यावर सोमवारपर्यंत दया नको.
तुझी बुटकी