तेलाचं विरजण

बाबा, हे गेल्यापासून दुपारी मी वाचते. शाळा नववीत सुटली, म्हणून शब्दकोश मांडीवर असतो आणि एका पानाला बराच वेळ लागतो. गेल्या आठवड्यात वाचलं की तेलाच्या गाळातली विषारी द्रव्यं खाणारे जिवाणू असतात. त्यांना हवा, ओल आणि थोडं खत मिळत राहिलं, तर काही महिन्यांनी ती माती पुन्हा मातीसारखी होते. कारखान्यांचा गाळ आता असा साफ करतात. ते पान मी तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

तुम्ही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होतात. शेडमागच्या खड्ड्यात काळा गाळ टाकत, तिथे गवतसुद्धा उगवत नव्हतं. फक्त ज्या कडेला म्हशी बसायच्या, तिथे थोडं हिरवं दिसलं, म्हणून तुम्ही डबाभर गाळ आणि त्या कडेची चार मुठी माती घरी आणलीत. मला अजून दिसतं. आई उत्तरेतल्या आपल्या रामघाटच्या घराच्या दारातच अडवते, "आधी नळाखाली जा, मग आत या," आणि तुम्ही तसेच गच्चीवर जाता, डबा काठीने ढवळता, पाणी शिंपडता, शेणखत घालता. शेजारच्या गच्चीवरून दूधवाले चाचा ओरडतात, "का गुरु, डीजल का अचार डाले हो?" तुम्ही म्हणता, "अचार नहीं, जामन डाले हैं!" मग माझ्याकडे वळून, "विरजण गं. त्या मातीत काहीतरी जिवंत आहे. ते गाळाला लागलं पाहिजे."

मधूनमधून तुम्ही डब्यात मेथीचे दाणे पेरायचात. दोनदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा चार पिवळट कोंब आले, तेव्हा हाताला धरून मला वर नेलंत. आणखी थोडे वाढले की साहेबांना दाखवणार होतात.

त्याच आठवड्यात आजोबांचं श्राद्ध आलं. "भटजी वर जेवायला बसतील, गच्ची धू. तेलाचा वास नको," आई म्हणाली. मी गच्ची धुतली आणि उरलेलं फिनेल डब्यात ओतलं. दोन दिवसांत कोंब आडवे झाले. "डब्याला कुणी हात लावला होता का गं?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणाले. तुम्ही पुन्हा दाणे पेरलेत, पुन्हा वाट पाहिलीत. शेवटी डबा त्याच खड्ड्यात रिकामा करून आलात. "विषच भारी पडलं. फिटरने फिटरचं काम करावं," एवढंच बोललात, आणि शेवटपर्यंत तसंच मानत राहिलात.

तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी फार वर्षं स्वतःला सांगितलं. पण फिनेल कशाला घालतात, हे मला ठाऊक होतं. दर पितृपक्षात तुमच्या नावाने पान वाढते. ही गोष्ट पानावर वाढता येत नाही, आणि हा कागदही कुठे पाठवायचा नाही.

काल ते पुस्तक पुन्हा उघडलं. तुमचं बरोबर होतं हे पाहायला नाही, बाबा. डबा लहान होता, गाळ फार होता, ते जिवाणू तसेही जगले नसते, असं कुठे लिहिलंय का, ते मी शोधत होते.