पोटातला फुगा

आई,

आधी नमस्कार, मग भांडण.

परवा मी वजन उतरवायला पोटात फुगा बसवून घेतला. घाबरू नकोस, चिरफाड नाही. तोंडातून नळी घालून आत सोडतात, सहा महिन्यांनी काढतात. नर्सने विचारलं, "घरच्या कोणाची सही?" म्हटलं, "माझ्या पोटाला माझी सही पुरे."

दोन दिवस पाणीही ठरत नव्हतं. आज सूप ठरलं.

मावशीला सांग, हे लग्नासाठी नाही. क्रेन चालवायला रोज तिची शिडी चढताना गुडघे रडतात, म्हणून केलं. बघायला येणाऱ्यांना माझा जुनाच फोटो दाखव. नाक मुरडलं, तर चहासुद्धा देऊ नकोस.

तुझी शुगर तपासलीस का?

दादा म्हणेल, "तोंड आवरलं असतंस तर?" वीस वर्षं आवरलं. आता त्याने आवरावं.

तुझी, अजून तरी जाडीच,
धाकटी